वहिनीला शिकवलेलं वाक्य

दादा ताटावर बसला की वहिनीची परीक्षा सुरू व्हायची.

कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात तो केमिस्ट होता. कारखान्याच्या कॉलनीत दोन खोल्यांत आम्ही राहायचो: आई, दादा, वहिनी आणि अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, शिकणारी मी. वहिनी पाथर्डीकडची, सातवी झालेली. दादाला मुलगी पसंत पडली होती, तिचं शिक्षण पडलं नव्हतं. तेवढं आपण भरून काढू, असं त्यानं ठरवलं. त्याचे साहेब मद्रासकडचे. कॉलनीतल्या साहेबलोकांच्या बायका आपसांत इंग्रजी बोलायच्या, आणि त्यांच्यात आपली बायको मुकी बसलेली त्याला नको होती.

त्याची पद्धत सोपी होती. इंग्रजीतलं एक क्रियापद घ्यायचं आणि त्याला वेगवेगळी शेपटं लावायची. पुट ऑन म्हणजे अंगात घालणं, पुट आउट म्हणजे विझवणं, पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं. सकाळी कामावर जाताना असे तीन शब्द तो स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं लिहून जायचा. दुपारी जेवायला आला की वहिनीनं त्यांची घरातल्या कामांवर तीन वाक्यं करायची. बरोबर आली तर तो जेवायचा. चुकली तर ताट सरकवून उठायचा. आणि नवरा जेवल्याशिवाय सुनेनं जेवायचं नाही, हा आईचा नियम होता. आठवड्यातल्या दोन-तीन दुपारी वहिनी उपाशीच राहायची. आई म्हणायची, "अशानं तरी लवकर शिकेल."

"आय लुक आफ्टर बफेलो," वहिनी एकदा म्हणाली. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. वाक्य जवळजवळ बरोबर होतं.

"म्हैस कुठाय आपल्याकडं?" दादानं विचारलं.

"माहेरी हाय की."

"मग इथं कुणाला सांभाळतेस? आईला?"

आई हसली, मीही हसले. दादा ताटावरून उठला.

माझी शाळा सकाळची असायची. या वेळेला घरी पोचावं म्हणून मी पळत यायची. वहिनी अडली की दादा माझ्याकडं वळायचा आणि मी धडाधड वाक्यं म्हणून दाखवायची. "बघ, सोळा वर्षांची पोर आहे ती," तो वहिनीला म्हणायचा. मला तेवढंच ऐकायचं असायचं.

एका दुपारी भाकरी थापता थापता वहिनी म्हणाली, "ह्ये तर आपल्यावानीच हाय. आपन म्हनतो करून टाक, देऊन टाक, बोलून टाक. त्यात टाकायचं काय असतं? काईच न्हाई. बसून घे म्हनतो, त्यात तरी घ्यायचं काय असतं? दुसरा शब्द चिकटला की पयल्याचा रंग बदलतो."

दादाचा घास हातातच राहिला. "बीएस्सी होऊन मला हे सुचलं नाही," तो म्हणाला. संध्याकाळी शेजाऱ्यांनाही त्यानं ते कौतुकानं सांगितलं. त्यानंतर वहिनीची वाक्यं चुकायची जवळपास थांबली. महिनाभर दादा रोज पोटभर जेवला, वहिनी जेवली, आणि माझ्याकडं कुणी वळलं नाही. पळत घरी यायचं मी सोडून दिलं.

दिवाळीनंतर, गाळप जोरात सुरू असताना, दादानं साहेबांना सपत्नीक चहाला बोलावलं. आदल्या दिवशी मी मोरीत कपडे धूत असताना वहिनी माझ्याजवळ येऊन बसली.

"वन्सं, बाई इचारतीलच, घरात कोन कोन असतं म्हनून. एखादं चांगलं लांब वाक्य द्या ना. ह्यांनी न शिकवलेलं. ह्यांना बी बरं वाटंल."

माझ्या शाळेच्या पुस्तकात त्याच आठवड्यात पुट अप आलं होतं. पुट अप म्हणजे मुक्काम करणं. त्याला विथ जोडलं की अर्थ होतो सोसणं, नाइलाजानं सहन करणं. दोन्ही अर्थ मला पाठ होते.

"आय पुट अप विथ माय हजबंड अँड हिज मदर," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हणजे मी नवऱ्याबरोबर आणि सासूबरोबर राहते."

दुसऱ्या दिवशी पोहे भिजवताना, कपबशा पुसताना ती ते घोकत होती. तिला हजबंड नीट म्हणता येत नव्हतं. मी तिच्यासमोर उभी राहून चार वेळा म्हणवून घेतलं.

साहेबांची बायको भली होती. तिनं हळू, सोप्या इंग्रजीत वहिनीला विचारलं, घरात कोण कोण आहे. वहिनीनं पदर सावरला आणि स्वच्छ उच्चारात ते वाक्य म्हटलं.

बाईंचा कप बशीवर वाजला. साहेब मोठ्यानं हसले आणि दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, तुझी बायको खरं बोलणारी आहे. दादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. वहिनीनं आधी बाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी चिवड्याची ताटली उचलून आत गेले.

पाहुणे गेल्यावर दादानं विचारलं, "कुणी शिकवलं तुला?"

मी भिंतीला टेकून उभी होते.

"कुनी न्हाई. माझं मीच जुळवलं," वहिनी म्हणाली.

दादानं तिला वाक्याचा अर्थ सांगितला. आईला कळावा म्हणून मराठीत, मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला कोपरगावच्या स्टँडवर नेऊन एसटीत बसवून दिलं. सोबत एक पिशवी होती.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. तिच्या माहेरच्या विहिरीला पाणी नव्हतं. भाऊ-भावजय सरकारी कामावर खडी फोडायला जात होते, त्यांच्याबरोबर तीही जायला लागली. आमच्याकडं हे कळलं तेव्हा मी मॅट्रिकच्या अभ्यासात होते. इंग्रजीचा पेपर मला सोपा गेला.

वैशाखात आई मोरीत घसरून पडली आणि तिचा हात मोडला. स्वयंपाक माझ्यावर आला. माझ्या भाकऱ्या दादाच्या घशाखाली उतरेनात. "आणा तिला," तो म्हणाला. वहिनी परत आली ती एवढ्यासाठी.

आणायला आई आणि मी गेलो. आईला त्यांच्या घरी बसवून मी वहिनीला शोधत खडीच्या कामावर गेले. उघड्या माळावर बायका ओळीनं दगड फोडत होत्या. वहिनी काळी पडली होती. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

मी म्हणाले, "वहिनी, ते वाक्य मी मुद्दाम..."

"ठावं हाय." तिनं हातोडी खाली ठेवली नाही. "त्या बाईचं तोंड बघितलं तवाच कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? तुमी ह्यांची भैन. तुमाला रागवले असते आन् मला तरी बी घालवलं असतं. अडानी ती अडानीच." तिनं पुढचा दगड ओढला. "येते मी. माझं घर हाय ते. पर तुमी माझ्याशी बोलू नगा."

मला वाटलं, रागात म्हणाली, महिन्याभरात विसरेल.

ती परत आली. दादानं दारामागं लिहायचं बंद केलं. माझं लग्न झालं, मी नगरच्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माहेरी गेले की ती मला आवडतं ते करते, अंघोळीला गरम पाणी काढते, जाताना ओटी भरते. पण बोलत नाही. आधी मुलाला सांगायची, "आत्याला इचार, भात वाढू का." मुलगा मोठा होऊन पुण्याला गेला. आता सुट्टीत आलेल्या नातीला सांगते. नात इंग्रजी शाळेत जाते. गेल्या खेपेला तिनं विचारलं, "आजी, तूच विचार ना, ती समोरच तर बसलीय."

वहिनीनं पोरीच्या हातात वाढणी दिली आणि ती ताक आणायला आत गेली.