ओळख नसताना ओळखीची सही

आमच्या सुकापूरच्या घरातलं कपाट, जेवणाचं टेबल, सगळं वायरिंग मी कुणाकडे न शिकता स्वतःच्या हाताने केलंय. काम करूनच शिकता येतं असं माझं मत, म्हणून लॉ कॉलेजआधी मुलीने वर्षभर काम करून बघावं, हा हट्ट माझाच.

आज तिला घेऊन पनवेलच्या एका वकिलांकडे गेलो. शिकाऊ मुलीला महिना तीस हजार पगार? मला तिथेच शंका आली.

"काम नेमकं काय?"

"काही नाही हो काका, जमिनीच्या दस्तांवर, 'विकणारा माणूस हाच, मी याला ओळखते' असं सांगणारी ओळखीची साक्षीदार म्हणून सही करायची."

"ही त्या माणसांना ओळखणार कशी?"

"सहीपुरतं ओळखायचं," ते हसले.

जिना उतरताना मुलगी कुरकुरली, "बाबा, अनुभव तर मिळाला असता."

"मिळाला असता. माणूस खोटा निघाला की आरोपी म्हणून."

तुम्ही काय केलं असतं? मी महिना तीस हजारांची नोकरी नाकारून आलो.