तीन वाट्या, एक खरं

१९३४ साल. मी वीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण बैलाचा डोळा पाहून त्याची खोड सांगायचो, आणि त्याचा मला मोठा ताठा होता.

लग्नानंतर बायको माहेरी देऊळघाटला गेलेली. तिला आणायला मेहकराकडून गाडी घेऊन गेलो. त्या घरची रीत अशी, की नव्या जावयानं आधी कोडं सोडवायचं. हरला, तर मुलगी आणखी महिनाभर माहेरीच.

जेवणं झाल्यावर तीन मेहुण्या झाकलेल्या वाट्या घेऊन ओळीनं बसल्या. सासरे म्हणाले, एका वाटीत गूळ आहे, दोनात मीठ; आणि तिघींपैकी एकच खरं बोलणार. पहिली म्हणाली, गूळ माझ्याजवळ आहे. दुसरी म्हणाली, माझ्याजवळ नाही. तिसरी म्हणाली, पहिलीजवळ नाही.

मी बोलण्याकडे ध्यानच दिलं नाही, तोंडं पाहत बसलो. पहिलीची पापणी हलली नाही, म्हणून तिची वाटी उघडली. मीठ!

"भाऊजी, चाखून पाहा, गोड लागलं तर घ्या," ती म्हणाली. सगळे हसले.

अंगणात पिंजारी चाचा आमच्याकडे पाठ करून गादीचा कापूस पिंजत होते. तिथूनच म्हणाले, "मधलीपाशी हाय गूळ."

तुम्ही तर पाहिलंही नाही, मी म्हणालो.

"पाह्यचं काय त्यात? पहिली हो म्हणते, तिसरी तेच नाही म्हणते. दोघी खोट्या होऊच शकत नाहीत. खरी त्यांच्यातच गेली. मंग मधली खोटी. ते नाही म्हणते, म्हणजे हाय."

झाकण काढलं. गूळच. मी पाहतच राहिलो. नुसत्या बोलण्यातून, तेही खोट्या, झाकणाखालची वस्तू हाती येते! पुढे पुष्कळ पाहिलं, पण एवढं नवल पुन्हा नाही.

सासरे म्हणाले, गंमत होती ती, घेऊन जा पोरीला. मी अडून बसलो. हरलो तो हरलो, महिन्यानं येईन. तेव्हा दाराआडून बायको बोलली,

"हरले तुम्ही, तं शिक्षा मले काऊन?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी जुंपली, सगळ्यांदेखत सासऱ्यांना म्हणालो, मी हरलो, पण तिला पाठवा. आणि तिला गाडीत बसवून निघालो.