पांढऱ्या साडीतला चेहरा

घुग्घुसच्या संघप्रिया रामटेकेला दोन वर्षं एका फिल्मने छळलं, आणि ती फिल्म तिनेच काढलेली होती. गल्लीतल्या रीनाच्या लग्नाची. मे महिना, विहारासमोरचं उघडं अंगण, बाराचं ऊन आणि नवरी पांढऱ्याशुभ्र साडीत. बौद्ध लग्नात दुसरा रंग कुठला असणार? रीना सावळी वगैरे नाही, चांगली काळी आहे, आणि देखणी. कॅमेऱ्याने साडी सांभाळली की चेहऱ्याच्या जागी डाग, चेहरा सांभाळला की साडी भडकून सगळं पांढरं फटफटीत. फिल्म पाहून रीना म्हणाली, "ताई, साडीचंच लगन लागलं वाट्टे. मी कुठी हाव याच्यात?" हसत म्हणाली, आणि मग रडली.

संघप्रिया सोळाव्या वर्षापासून वडिलांबरोबर लग्नांत शूटिंगचा दिवा धरून उभी राहिलेली. वडील गेल्यावर कॅमेरा तिने घेतला, तेव्हा "बाई शूटिंग करणार?" म्हणून नाकं मुरडणारे आज तारखेसाठी तिच्या दारात येतात. अशा बाईला आपल्याच माणसांचं तोंड धरता येऊ नये? नवा कॅमेरा घ्यायला ती चंद्रपूरला निघाली आणि चुलतीला, अंजनाबाईंना, पांढरी साडी नेसवून सोबत घेतलं. अंजनाबाई रीनाहून काळ्या, हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. परीक्षेला याहून चांगला चेहरा कोणता?

दुकानातल्या प्रफुलने तीन कंपन्यांचे कॅमेरे काउंटरवर मांडले. (नावं सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला?) मग मेगापिक्सल, अमुक लेन्स, तमुक सेन्सर अशी त्याची टकळी सुरू झाली. तिन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकांतल्या नवऱ्या दुधात बुडवून काढल्यासारख्या.

"हे बाहेर उन्हात घ्या," संघप्रिया म्हणाली.

"मॅडम, डेमो आतच असते. एसीत."

"लगन एसीत लागते का, भाऊ?"

प्रफुलने अंजनाबाईंकडे एकदा पाहिलं आणि समजूतदारपणे हसला. "टेन्शन काऊन घेता? या महागवाल्यात स्किन मोड आहे. आजी एकदम गोऱ्या येतीन."

संघप्रिया तोंड उघडणार, त्याआधीच अंजनाबाई स्टुलावरून उठल्या. "काऊन रे बापू? काळी हाव तं कोणाचं चोरून खाल्लं मी? तुह्या मशीनले मी दिसत नसन तं मशीनचे डोळे दाखव डॉक्टरले!"

बाकीची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. प्रफुल मुकाट्याने तिन्ही कॅमेरे उचलून फुटपाथवर आला.

संघप्रियाने अंजनाबाईंना उन्हात उभं करून तिन्ही कॅमेऱ्यांनी टिपलं. भर दुपारी पडद्यावर काही दिसेना, म्हणून संघप्रिया अंजनाबाईंचा पदर डोक्यावर ओढून त्याखाली पाहू लागली. महागवाल्यात साडी जळालेली, नुसता पांढरा भपका. दुसऱ्याने न विचारताच चेहरा असा उजळला की अंजनाबाई म्हणाल्या, "हे कोणाची माय होय?" संघप्रियाचं डोकं सणकलं. दिवसभर उन्हात राबणाऱ्या जिल्ह्यात विकायला आणलेली ही यंत्रं, आणि उन्हातला काळा माणूस त्यात कसा दिसतो हे एकदा तपासावं असं एकाच्याही मनात येऊ नये? दोष यंत्राचा, आणि पावडर थापायची आम्ही?

तिसरा कॅमेरा प्रफुलने नुसता मांडायला म्हणून मांडला होता. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल. त्यात साडीची चुणी न् चुणी दिसली, कपाळावरच्या आठ्या दिसल्या, आणि काळ्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. स्पष्ट.

"हाच द्या."

"मॅडम, तो हेवी आहे. लेडीजले झेपत नाई."

"सोळाव्या वर्षी मी धरत होती तो दिवा याच्या दुप्पट होता. पॅक करा."

खोकं बांधून होईस्तोवर तिने तिथूनच रीनाला फोन लावला. लग्नाची साडी आहे ना, ती काढून ठेव, तुझी फिल्म पुन्हा काढायची आहे, म्हणाली.

"आता? पोट्टं आहे कडेवर."

"असू दे, तेही येईन."

मग रीना हळूच म्हणाली, "ताई, या टायमाले जराशी उजळ करशीन ना?"

प्रफुलवर आला नव्हता इतका राग संघप्रियाला त्या एका वाक्याचा आला. आणि तो रीनावर काढायचा नव्हता, हे तिला कळत होतं.

"नाई करणार," ती म्हणाली. "उद्या बारा वाजता विहारापुढं उभी राह्यजो. आन् तोंडाले पावडर लावून आली तं घरी धाडीन, धुऊन ये म्हणून."