सिग्वाल्डच्या चाकांखालचे तीन खांब

मला लिहायची सवय नाही. जन्मभर डेअरीत दुधाच्या कॅनांवर आकडे रंगवले, तेवढंच माझं लेखन. पण सिग्वाल्ड चाकवाल्याबद्दल लिहायचं ते मीच लिहायला हवं. गप्प बसायचा हक्क मी केव्हाच गमावला आहे.

तो आमच्या गावात घोडागाड्यांची चाकं करायचा. १९०९ च्या उन्हाळ्यात त्याने गोठ्यामागे विमान बांधलं. लाकडी फासळ्या, एकावर एक तीन पंख, मोटारसायकलचं इंजिन. पंखांचं कापड त्याच्या बायकोने, डोर्थेआने, लग्नातल्या चादरी उसवून शिवलं. "पडलास तर निदान अंथरुणातच पडशील," ती म्हणायची.

गाव हसायचं. गिरणीवाला क्रेस्टेन तर त्याच्या दारावरून जाताना कोंबडीसारखा ओरडायचा.

सिग्वाल्डला उंच जायचं नव्हतं. जमीन एकदा सुटावी आणि ते दुसऱ्या कोणी पाहावं, एवढंच त्याला हवं होतं.

"वर बसलेल्याला काय, यंत्र जमिनीवरून उठल्यासारखं वाटतंच," तो मला म्हणाला. "एस्बेन, तू खोटं बोलत नाहीस. गवतात पालथा पड. चाकांखालून पलीकडच्या कुंपणाचे खांब दिसले, तर उठलं."

रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव कुरणाच्या कडेला जमलं. उभ्याने चाकांखालचं काही दिसत नाही. मी ओल्या गवतात पालथा पडलो. यंत्र खडखडत आलं आणि माझ्यासमोर खडखड थांबली. नुसतं इंजिन ऐकू येत होतं. चाकांखालून मला एक खांब दिसला. मग दुसरा. मग तिसरा. मग चाकं आपटली, त्यातलं एक मोडलं.

क्रेस्टेन सगळ्यांच्या आधी धावत आला. "काय रे एस्बेन, उडाली का कोंबडी? की तुझा डोळा लागला होता?"

मी उठलो तर सदऱ्याला पुढून शेण लागलेलं. मग काय, हसणं थांबेना. सिग्वाल्ड टोपी हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. "गवत आड येत होतं."

"बरं," तो म्हणाला. "गवत उंच आहे खरं."

त्याच आठवड्यात त्याने पंख सोडवले. फासळ्यांवर वाटाण्याचे वेल चढले, चादरी पलंगावर परत गेल्या. माझ्या लग्नाच्या गाडीची चाकंही त्यानेच केली. पुढे चाळीस वर्षं दर रविवारी मी त्यांच्याकडे कॉफीला जात होतो. आज सांगूच म्हणून तोंड उघडायचो आणि साखर मागायचो.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. दफन झाल्यावर मी डोर्थेआला सगळं सांगितलं. ती कप पुसत होती, पुसतच राहिली.

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली. "खडखड थांबली तेव्हा बुडालाच कळलं, म्हणायचा. आणि तू पाहिलंस, हेही ठाऊक होतं."

"मग त्याने मला कधी विचारलं का नाही?"

"तू आपणहून सांगशील म्हणून थांबला होता. दर रविवारी."

तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली, आणि मी मागायच्या आधीच साखरेचं भांडंही माझ्याकडे सरकवलं.