बांधीतली सीडी

सत्य एका नजरेत मावत नाही. दोन नजरा एकावर एक ठेवल्या की ते उजेडात येतं. हे वाक्य मी नागपूरच्या एका तपासणी केंद्राच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत वाचलं. त्याखाली चपला बाहेर काढण्याची सूचना होती आणि सीटी मशीन बंद असल्याचा कागद चिकटवला होता.

माझा थोरला भाऊ सौंदडला धान पिकवतो. त्याला दोनदा फिटचा झटका आला होता. गोंदियाच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूत एक पांढरा ठिपका दिसला, नागपूरच्या एमआरआयमध्ये त्याच बाजूला सूज दिसली. ठिपकेवाल्यांनी घाबरू नका म्हटलं, सूजवाल्यांनी सोमवारी कवटी उघडायची तारीख दिली. मी गोंदियात कॉलेजात शिकवतो, म्हणून घरच्यांनी मला शहाणा धरून सोबत दिलं होतं. तीन आठवडे माझं शहाणपण दवाखान्यांच्या बाकांवर बसण्यात चाललं होतं.

केंद्रातल्या डॉक्टरबाई मात्र नीट बोलल्या. "दोन्ही चित्रं कॉम्प्युटरवर एकावर एक बसवून बघू. सीटीत हाड आणि चुना स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्ये सूज. ठिपका सुजेच्या बरोबर मध्ये असला, तर बहुधा पोटातून मेंदूत गेलेली, मरून चुना झालेली अळी आहे, गोळ्यांवर भागेल. बाजूला असला, तर मात्र उघडावं लागेल."

भावाने पिशवीतून सीटीच्या फिल्म काढल्या. त्या तो सातबाऱ्यासोबत पेटीत ठेवायचा. एक सुरकुती नव्हती.

"फिल्म नको. सोबतची सीडी द्या."

भाऊ माझ्याकडे बघू लागला. "ते बांधीत हाय."

"बांधीत कायले?" मी विचारलं.

"पोपट येऊन राहिले ना धानावर. चकाकते म्हणून टांगली. फोटो त फिलिमवर होता, मंग ते रिकामीच होती ना."

डॉक्टरबाईंनी बांधी म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, धानाचं शेत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दुसरीकडून नवा सीटी काढून आणायला सांगितलं.

"एकाच डोस्क्याचे किती फोटो?" भाऊ म्हणाला. "आपली हाय ना घरची."

मी गोंदियाच्या सीटीवाल्यांना फोन केला. "पुराना डेटा तो मशीन से उड़ा दिया, सर. सीडी दी थी ना?"

"दी थी," मी म्हणालो.

तो शुक्रवार होता. आम्ही गोंदियाची गाडी धरली, तिथून सौंदडची. सकाळी बांधीत गेलो तर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, काठ्यांना आठ चकत्या लटकत होत्या. भावाने गावभरातून जमवल्या होत्या. वरची अक्षरं पावसाने धुऊन गेली होती. "कोपऱ्यातली असन," तो म्हणाला, पण शेताला कोपरे चार होते. मी आठही सोडवल्या. त्यांवर पोपटांनी आपापला अभिप्राय नोंदवला होता. वहिनीने त्या साबणाच्या पाण्याने धुतल्या. राखेने घासू दिल्या नाहीत, एवढंच माझं शिक्षण कामी आलं.

शनिवारी दुपारी नागपूरला डॉक्टरबाईंच्या कॉम्प्युटरपुढे आम्ही तिघं बसलो. पहिल्या सीडीत भजनं निघाली. दुसरी उघडलीच नाही. तिसरीत सौंदडच्या एका लग्नाची पंगत होती, भाऊ पुढे झुकून म्हणाला, "हा मीच हाव, वाढून राहिलो." डॉक्टरबाईंनी ती घाईने बंद केली नाही, याबद्दल मी अजून त्यांचा ऋणी आहे. चौथी कोरी निघाली. पाचवी बराच वेळ घरघरली आणि मग भावाची कवटी दिसली.

त्यांनी ती एमआरआयवर ठेवली, थोडी फिरवली, थोडी सरकवली. हाड हाडावर बसलं. मी पडद्याला नाक लावून होतो, भाऊ मात्र पंखा बघत होता. पांढरा ठिपका सुजेच्या अगदी मध्यावर बसला.

"अळीच आहे," त्या म्हणाल्या. "मेलेली. मी सर्जनशी बोलते."

संध्याकाळी सोमवारची तारीख रद्द झाली. गोळ्या लिहून मिळाल्या.

"एवढीशी अळी?" भाऊ म्हणाला. चिठ्ठी पिशवीत टाकून त्याने विचारलं, "मंग ते सीडी वापस भेटन का?"

मिळाली. बाकीच्या सातही मिळाल्या. रविवारी त्याने सगळ्या पुन्हा बांधीत टांगल्या. पोपट त्यांना घाबरत नव्हते. त्याच काठ्यांवर बसून ते धान खात होते.