दारातला शामियाना

आमचा पिढीजात धंदा शामियाने भाड्याने देण्याचा. म्हैसूरच्या जुन्या गल्ल्यांचा इतिहास मला त्यातूनच पाठ झाला: कुणाच्या दारात कुणाचं लग्न लागलं, कुणाचं बारसं झालं. आता लग्नं हॉलमध्ये होतात. दारात शामियाना लागतो तो कुणी गेलं तरच. म्हणून लोक रस्त्यात मला ओळख दाखवत नाहीत, जसा काही मीच यमाचा माणूस!

बायको गेल्यापासून हूटगळ्ळीच्या या नव्या घरात मी एकटाच राहतो. परवा एक शामियाना उसवला होता. तो दारातच उभारला आणि सुई-दोरा घेऊन त्याच्याआड शिवत बसलो. थोड्या वेळात शेजारपाजारचे सगळे जमले. एरवी यातलं कुणी माझ्या फाटकाशी थांबत नाही. एकीच्या हातात तर हार होता.

"यार होद्रु?" कोण गेलं, म्हणून ती हळूच विचारत होती.

"कुणी गेलं नाही! शिवतोय!" मी आतून खेकसलो.

सगळे हसले, सुटल्यासारखे आपापल्या घरी गेले. पुन्हा सुई हातात घेतली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. या घरात माझ्याशिवाय आहे कोण? ती सगळी माझ्यासाठीच आली होती. मी जिवंत निघालो, म्हणून परत गेली.