पायाच्या पट्टीला खळ

सासूबाईंच्या पायाच्या पट्टीला मी खळ घातली होती. हो, भाताच्या पेजेची, लुगड्याला घालतात तीच. वर निखारे भरलेल्या तांब्याने इस्त्रीही केली. कुणी सांगितलं नव्हतं; अक्कल सगळी माझी.

लग्नाला चार महिने झालेले. पनवेल गावात सातवीपर्यंत शिकलेली मी मिठागरवाल्यांच्या घरात पडले, तेव्हा या घराला वळण लावायलाच देवाने मला धाडलंय, अशी माझी खात्री होती.

सासूबाईंचा जन्म मिठागरात उभ्याने गेला. डाव्या पोटरीवर शिरा सुंभासारख्या फुगलेल्या, घोट्याजवळ कातडी काळवंडलेली आणि तिथेच आवळ्याएवढी जखम, वर्षभर न भरलेली. डॉक्टरांनी त्यांना आडवं करून पाय वर धरला, तर शिरा गायब! उभं केलं, पुन्हा भरल्या. "रक्त वर चढत नाही, खालीच साचतं," ते म्हणाले. खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवायला सांगितल्या आणि ताणली जाणारी पट्टी दिली. सकाळी खाली पाय टेकण्याआधी ती बोटांपासून गुडघ्यापर्यंत बांधायची. त्यांचा पाय मांडीवर घेऊन बांधायचं काम माझं. आता माझ्याच पोटरीवर ते सुंभ उमटलेत. पट्टीऐवजी मिळालेले घट्ट मोजे चढवताना त्यांच्या पायाचा खरखरीत तळवा अजून माझ्या मांडीवर असतो.

त्यांना घाई होती. नणंदेचं दुसरं बाळंतपण उरणला, सासरी. तिला सासू नव्हती. आईनेच जायला हवं होतं. "जखम मिटली तरच जा," डॉक्टरांनी बजावलेलं. दोन महिन्यांत ती तुरीच्या दाण्याएवढी उरली. डिंकाचे लाडू डब्यात भरून झाले. आणि धुऊन धुऊन लिबलिबीत झालेली ती पट्टी माझ्या डोळ्यांत खुपू लागली.

खळीची पट्टी सकाळी बांधताना कडकड वाजली. मी खूश.

"सूनबाय, टोचतंय गो."

"टोचणारच, आई. डॉक्टरांनीच घट्ट सांगितलंय!"

बिचाऱ्या दिवसभर तशाच वावरल्या. संध्याकाळी सोडली, तर घोटा सुजलेला, पट्टीच्या कडेने कोवळी कातडी कापलेली. तुरीच्या दाण्याचा पुन्हा आवळा.

डॉक्टरांनी पट्टी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. ती ढिम्म. "हिचा ताण कुठे गेला?"

सासूबाईच म्हणाल्या, "धुताना आटली असंल."

अजून महिनाभर पाय वर ठेवून पडायचं, असं ठरलं. नणंदेचे दिवस तर भरत आलेले. घरी आल्यावर त्यांनी लाडवांचा डबा ओढून माझ्या मांडीवर ठेवला. मला रडू फुटलं. बाळंतपण मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी मला पोटभर रडू दिलं, मग म्हणाल्या,

"आता तूच जा उरनला. माज्या लेकीला जप. आनि पोराच्या लंगोटांना खळ नको घालू."